वाहन, वाहनपूजा आणि बदलाचा मोह

दसऱ्याच्या दिवशी आपल्या देवळाच्या प्रांगणात वाहनांची रांग लागते, हे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. पूर्वी सायकली असत, पुढे स्कूटर आल्या, आता मोटारींना जागा पुरत नाही. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि गुरुजींचे घाईघाईचे मंत्र. गेल्या दसऱ्यास याच रांगेत एक जुनी स्कूटर उभी होती. तिचे मूळचे रूप ओळखू येत नव्हते. रंग भडक, आरसे चार, दिवे पांढरेशुभ्र व डोळे दिपविणारे, आणि धुराच्या नळीतून निघणारा आवाज असा, की शेजारच्या ओवाळणाऱ्या वहिनींच्या हातातील निरांजन हलले. माझ्या शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "पूजा कोणाची करायची? गाडीची, की तिच्यावर चढविलेल्या सामानाची?"

प्रश्न विनोदाने विचारला होता. परंतु तो माझ्या मनातून गेला नाही, कारण त्याच सुमारास माझ्या घरीही हाच वाद चालू होता.

आमच्या ओसरीत वडिलांची चेतक स्कूटर गेली कित्येक वर्षे उभी आहे. १९८४ साली ती घरात आली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आजच्या तरुणांस सांगूनही खरे वाटत नाही. माझ्या चिरंजिवांस ती आता नव्याने सजवावयाची होती. सिलिंडर मोठा बसवावा, पुढील चाकास डिस्कचा ब्रेक लावावा, चाके चकचकीत मिश्रधातूची घालावी, रंग पालटावा, असा त्यांचा बेत. मी स्वच्छ नकार दिला. "ती बाबांची गाडी आहे, जशी आहे तशीच राहील," एवढेच माझे उत्तर. त्या उत्तरात आपण काही मोठे तत्त्व सांगितले, अशी माझी त्या वेळी समजूत होती. ती समजूत पुढे कशी ढासळली, हे सांगण्यापूर्वी थोडे स्कूटर या वस्तूविषयीच लिहिले पाहिजे. वस्तूची घडण ठाऊक नसता तिच्यातील बदलाच्या योग्यायोग्यतेविषयी बोलणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

इटलीतील पियाजिओ या कारखान्याने एप्रिल १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटरचे पेटंट घेतले. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो द'अस्कानियो हे मूळचे विमानांचे अभियंते. मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. मोटरसायकलीत लोखंडी सांगाडा वेगळा असतो आणि बाकीचे सारे त्यावर जोडलेले असते. द'अस्कानियो यांनी सांगाडाच काढून टाकला. दाबून घडविलेला पोलादी पत्रा हाच गाडीचा कणा, तोच तिची त्वचा. पुढचे चाक एका बाजूच्याच दांड्यावर बसविले, ते विमानाच्या उतरण्याच्या चाकासारखे, म्हणजे पंक्चर झाल्यास चाक चटकन निघावे. आपल्याकडे बजाज कंपनीने १९६० पासून परवान्याने व्हेस्पा बनविली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. यंत्र एका बाजूस असल्याने ही गाडी किंचित उजवीकडे ओढते. सकाळी चालू झाली नाही तर तिला डावीकडे आडवी करून पुन्हा उभी करावयाची, हा विधी तर घरोघरच्या स्त्रियांनाही पाठ होता.

या घडणीतून एक गोष्ट निघते. जिथे त्वचा आणि कणा एकच आहेत, तिथे शोभेसाठी त्वचा कापली की कणा दुर्बळ होतो. दोन अंगुळे पत्रा कापून तिथे काही चकाकते बसविणारा मनुष्य आपण केवळ सजावट केली असे समजतो. वस्तुतः त्याने गाडीच्या बळातून काही काढून घेतलेले असते. यंत्राचेही तसेच. सिलिंडर मोठा केला, वेग वाढला. परंतु थांबविण्याचे साधन जुनेच राहिले, तर तो वेग कोणाच्या जिवावर? आमचे मिस्त्री या व्यवसायात चाळीस वर्षे आहेत. ते म्हणतात, "आधी ब्रेक विचारा, मग इंजिन." हे वाक्य यंत्रशाळेतले असले तरी संयमाचे सारे शास्त्र त्यात आले आहे, असे मला वाटते.

कायदाही या बाबतीत मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते, की निर्मात्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच गोष्ट ठासून सांगितली. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. तथापि कायद्याने निषिद्ध ते अधर्म्य आणि कायद्याने मोकळे ते धर्म्य, एवढ्यावर प्रश्न मिटत असता तर मला हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

माझ्या नकारामागील तत्त्वाकडे आता वळतो. "मूळ रूप जपावे" हे ते तत्त्व. ऐकावयास ते फार पवित्र वाटते. परंतु मूळ रूप म्हणजे काय? मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातील रथाचा दृष्टान्त अनेकांनी वाचला असेल. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्यास विचारले, की कणा म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? प्रत्येकास राजाने नाही म्हटले. आणि हे सर्व वगळून उरणारा रथ तर कुठेच सापडेना. अखेर रथ हे या सर्वांच्या जुळणीस दिलेले नाव, असे ठरले. आमच्या स्कूटरचे तसेच झाले आहे. टायर पाच-सहा वेळा बदलले. क्लचच्या तारा किती तुटल्या याची गणती नाही. पिस्टनाच्या कड्या दोनदा बदलल्या, आसनाचे कापड तीनदा. मी ज्या मूळ रूपाचा अभिमान वाहत होतो, त्याचा निम्मा भाग सियागंजातील दुकानांतून वेळोवेळी विकत आणलेला होता.

याहून मोठा धक्का वडिलांच्या हिशेबाच्या वहीने दिला. वडील प्रत्येक पैशाचा हिशेब लिहीत. चिरंजिवांशी वाद घालताना पुरावा म्हणून मी ती वही काढली, आणि पुरावा माझ्याविरुद्ध गेला. १९९३ च्या पानावर लिहिले होते, की जुने प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले. त्याच्या पुढच्या वर्षी आईसाठी डाव्या बाजूस रुंद पायटा जोडून घेतला. तिला लहान पायट्यावर पाय ठेवून बसणे कठीण जात होते. आणखी एका पानावर हँडलखाली एक लोखंडी आकडा वेल्ड करून घेतल्याची नोंद होती. तो आकडा मला लहानपणापासून ठाऊक होता. तो कारखान्यातूनच आला अशी माझी समजूत. देवळात फुलांची परडी नेताना ती सांडू नये, म्हणून वडिलांनी तो लावून घेतला होता. म्हणजे ज्यांच्या नावाने मी बदलास मनाई करीत होतो, त्यांनी स्वतः ही गाडी तीन वेळा बदलली होती, आणि त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखे वाटलेही नसावे. खर्चाच्या रकान्यात, दूध आणि वर्तमानपत्र यांच्या मध्ये, ती नोंद होती.

मग त्यांच्या बदलात आणि त्या दसऱ्याच्या स्कूटरच्या बदलात अंतर कोणते? दोघांनीही मूळ वस्तूस हात लावला. अंतर कशात आहे हे शोधू जाता देवळाच्याच व्यवहारातील एक शब्द आठवला. तो शब्द म्हणजे जीर्णोद्धार. आपल्या परंपरेने देवालयासही अस्पर्श्य मानले नाही. भिंत खचली, शिखर भंगले, मूर्ती झिजली, तर काय करावे याचा विधी आहे. प्रथम कलाकर्षण करावयाचे, म्हणजे देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक कलशात आणावयाचे. मग दगडास हात लावावयाचा. काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा. या विधीत फार खोल विचार आहे. देवत्व दगडातच कोंडलेले नाही, म्हणून दगड बदलता येतो; परंतु दगड देवत्वाचे आसन होता, म्हणून तो सहज, लहरीखातर, बदलता येत नाही. आमच्या इंदूरकरांना तर हे सांगणे नकोच. देवी अहिल्याबाईंनी सोमनाथापासून काशीपर्यंत देवालये उभी केली. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमाराचे. जुने जसे होते तसेच पडलेले राहू द्यावे, असे त्यांना वाटले असते तर आज दर्शन कोठे घेतले असते?

उलट, सुधारणेच्या नावाखाली जुन्या दगडावर गुळगुळीत फरशी चढविण्याची हौसही देवळांनी पुष्कळ पाहिली आहे. एका देवळात सभामंडपाचा खडबडीत दगड झाकून अशी चकाकती फरशी बसविली. पहिल्याच पावसाळ्यात दोन आजीबाई तिच्यावरून घसरल्या. दगड खडबडीत का ठेवला होता, हे कोणी विचारलेच नव्हते. पंढरपुरी २०२४ साली नंतरच्या काळात बसविलेल्या फरशा काढून विठ्ठलमंदिराचे मूळ दगडी रूप मोकळे करण्याचे काम झाले. तेव्हा पाहणाऱ्यांस असे वाटले, की काही नवीन मिळाले. वास्तविक जुनेच परत मिळाले होते. यावरून मला एवढे दिसते, की बदल करण्यापूर्वी पहिला प्रश्न "हे जुने असे का होते?" हा असावा. वडिलांनी आकडा लावताना पत्रा कोठे जाड आहे हे मिस्त्रीस विचारून घेतले होते, अशी वहीत नोंद आहे. आजीबाई पडल्या त्या फरशीच्या वेळी असा प्रश्न विचारला गेला नाही.

दुसरा प्रश्न बदलाचा भार कोणावर पडतो, हा. आवाज वाढविणारी नळी बसविणाऱ्यास आनंद होतो. तो आनंद गल्लीतील आजारी माणूस, परीक्षेला बसलेली मुलगी आणि तान्हे मूल यांच्याकडून वसूल केला जातो. दीप्ती वाढविलेला दिवा मालकास रस्ता दाखवितो आणि समोरून येणाऱ्याचा रस्ता हिरावतो. हे बदल मालकाच्या पैशाने होत असले तरी किंमत मोजणारा निराळाच असतो. परंतु इथेही मूळ रूपाच्या अभिमान्यांनी फार फुशारू नये, आणि त्यात मी पहिला. आमची चेतक दोन-स्ट्रोकची आहे. तिच्या यंत्रास झडपा नाहीत. जळलेला वायू बाहेर जाताना ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच बाहेर पडतो, आणि पेट्रोलात मिसळलेले तेलही धुराबरोबर जाते. तो निळसर धूर मागच्या सायकलवाल्याच्या छातीत जातो. मी गाडी "जशी आहे तशी" चालवितो तेव्हा माझ्या भक्तीचा धूर दुसरा कोणी पीत असतो. मूळ रूप हे काही आपोआप निष्पाप नव्हे. शिवाय काळ भोवतीचे सारे बदलतो, आणि न बदललेली वस्तू त्यामुळेच बिघडते. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील यांस ते मानवत नाही. ते बदलले नाहीत तर गाडी जपली असे होत नाही, हळूहळू मारली असे होते.

इतका विचार झाल्यावर मी चिरंजिवांशी पुन्हा बोलावयास बसलो. रबरी भाग बदलावे, ब्रेक नीट करावे, एवढे मान्य केले. सिलिंडर आणि पत्रा यांस हात लावू नये, असे ठरविले. ते नाखुषीने का होईना, तयार झाले. प्रश्न सुटला असे मला वाटले. तोच आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो, आतल्या खोलीतून म्हणाले, "तिला दोन बाजूंना दोन चाके लावता येतील का?"

अण्णांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. ते सारे आयुष्य वडिलांच्या मागे बसून हिंडले. शाळेत सायकलवर, पुढे कचेरीत आणि देवळात स्कूटरवर. वडील गेल्यावर कोणी नेले तर जातात. मी म्हणालो, "अण्णा, मी आहे ना, मी नेतो की." त्यावर ते जे बोलले ते मी इथे तसेच लिहितो. "बाबांच्या मागे मी वीस-बावीस वर्षे बसलो. देवळाची वाट मला ठाऊक नाही, बाबांची पाठ ठाऊक आहे. एकदा पुढे बसून वाट पाहावी असे वाटते."

माझ्या तत्त्वांपैकी एकही या वाक्यापुढे उभे राहीना. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीस सांगितलेले आठवा: जे जे आपणांस प्रिय असते ते त्या वस्तूसाठी प्रिय नसते, आपल्यासाठी प्रिय असते. मी इतके दिवस स्कूटर वडिलांसाठी जपतो आहे असे समजत होतो. खरे म्हणजे वडिलांचा चांगला मुलगा म्हणून स्वतःकडे पाहता यावे, यासाठी ती मला तशीच हवी होती. आणि वडिलांचा दुसरा मुलगा घरातच बसून होता.

मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, आणि मी ज्याची अपेक्षा केली नव्हती ते उत्तर दिले. "चाके लागतील. पण साहेब, ही गाडी त्यासाठी नाही. गिअर हाताने, ब्रेक पायाने, किक पायाने. चौकट जोडायला पत्र्याला भोके पाडावी लागतील आणि हा पत्रा चाळीस वर्षांचा. अण्णासाहेबांना बिनगिअरची, बटणावर चालू होणारी घ्या. तिला चाके लावू. ही राहू द्या." मी मनातून सुखावलो, आणि सुखावलो म्हणून लाजलो. कारण बुद्धीचे म्हणणे आणि माझा स्वार्थ हे दोन्ही एकाच बाजूस आले होते, आणि असे होते तेव्हा मनुष्याने स्वतःवर सर्वांत अधिक संशय घ्यावा. कठोपनिषदात शरीरास रथ आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. पण सारथी कधी कधी मालकाच्या मर्जीची वाट आधीच धरून ठेवतो, याचा अनुभव मला त्या दिवशी आला. म्हणून दुसऱ्या एका मिस्त्रीस दाखविले. त्यांनीही तेच सांगितले.

कायद्यातील एक तरतूद या निमित्ताने कळली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. ज्या ५२ व्या कलमाने बदलास बंधन घातले आहे, त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुरूप करून घेण्यास वाट ठेवली आहे. बदल करून घ्यावा, तो विहित अटींत बसावा, आणि मागाहून नोंदणी अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी. एकच कायदा हौशी माणसास "थांब" म्हणतो आणि गरजवंतास "कर, मग दाखव" म्हणतो. कायद्याविषयी माझा आदर त्या दिवशी थोडा वाढला.

अण्णांना हे सर्व सांगण्याची पाळी माझ्यावर आली. ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना नवी गाडी नको होती, बाबांचीच हवी होती, हे दिसत होते. जुन्या गाडीविषयीचा जो हट्ट मी तत्त्व म्हणून मिरविला, तोच त्यांच्याही मनात होता. त्यांनी तो बोलून दाखविला नाही, एवढाच फरक. शेवटी ते म्हणाले, "बरे, नवी घ्या. पण बाबांनी लावलेला तो आकडा काढून तिला बसवा."

आकडा कापताना मिस्त्रींनी पत्र्यावर ओले फडके धरले होते, रंग जळू नये म्हणून. नव्या गाडीस पत्रा फार थोडा, बहुतेक सारे प्लास्टिकच. त्यामुळे आकडा वेल्ड करता येईना. मग पुढच्या दांड्यास पट्टी आवळून त्यावर तो बसविला. तो थोडा तिरका बसला आहे. नोंदणी कचेरीत तपासणी झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी बाजूची चाके, त्यांची चौकट आणि ब्रेक बराच वेळ पाहिले; आकड्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

कोजागरीनंतर काकड आरती सुरू झाली. पहिले दोन दिवस मी अण्णांच्या मागून सायकलीवर गेलो; तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी थांबावयास सांगितले. जुनी स्कूटर ओसरीतच आहे. तिच्या रबरी नळ्या बदलल्या, ब्रेक दुरुस्त झाले. आकडा होता तिथे नाण्याएवढा उघडा पत्रा दिसतो. तो गंजू नये म्हणून रंग तर लावला पाहिजे, पण जुन्या रंगाची छटा आता बाजारात मिळत नाही. चिरंजीव म्हणतात, सारी गाडीच नव्याने रंगवू. मी अजून हो म्हटलेले नाही.